मी वाचून दाखवलेला परिच्छेद

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ग्रंथपालांनी त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित मला वाचायला दिलं, त्याचं कारण एवढंच की मी त्यांच्या मताची नव्हते. एप्रिलचे दिवस होते. परीक्षा संपल्या होत्या आणि ग्रंथालयात कूलरच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. त्यांनी कपाटातून फुलस्केप कागदांचा गठ्ठा काढला. कागद एका बाजूनं लिहिलेले, भोकं पाडून नाडीनं बांधलेले. अक्षर सुवाच्य, कार्डावर पुस्तकाचं नाव लिहावं तसं.

"आमच्या चर्चमधल्या मंडळींना दिलं तर ते छानच म्हणतील," ते म्हणाले. "मला छान नको आहे, मॅडम. तुम्ही लाल पेन घेऊन बसा."

पुस्तक होतं ख्रिस्ती श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या शंकांबद्दल. एकेक शंका घ्यायची आणि तिचं उत्तर द्यायचं. त्यातल्या अर्ध्याअधिक शंका माझ्याच होत्या.

मी फिजिक्स शिकवते. तेव्हा मला बावन्नावं वर्ष होतं आणि ते निवृत्तीला आलेले. बारा वर्षं आम्ही मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या लांब टेबलाशी बसून डबा खाल्ला. स्टाफरूममध्ये बदल्या, मुलांची लग्नं आणि मनीषनगरच्या रेल्वे फाटकावरची गर्दी हेच विषय असत. इथं मात्र आम्ही देव आहे की नाही यावर बोलत असू. ते म्हणत, विश्वाचे आकडे एवढे नेमके जुळून आलेत, कोणी जुळवल्याशिवाय? मी म्हणे, न जुळलेल्या विश्वात हा प्रश्न विचारायला ग्रंथपाल नसते. ते म्हणत, खोट्यासाठी कोणी जीव देईल का? येशूच्या पहिल्या शिष्यांनी दिला. मी म्हणे, खरं वाटतं म्हणून लोक रोज जीव देतात. त्यानं ते खरं ठरत नाही, मनापासून होतं इतकंच ठरतं. त्यावर ते घास हातात धरून थांबत, विचार करत आणि म्हणत, "हे उद्यासाठी ठेवू." दुसऱ्या दिवशी खरोखरच उत्तर घेऊन येत.

माझी नास्तिकता कुठून आली ते इथं सांगायला हवं. कॉलेजात असल्यापासून देव मला पटत नव्हता, पण त्याबद्दल बोलायची भाषा मला फार उशिरा मिळाली, आणि ती इंग्रजी व्हिडिओंतून मिळाली. सकाळी पोळ्या लाटताना कानात इअरफोन घालून मी परदेशातले वादविवाद ऐके. एका बाजूला नास्तिक, दुसऱ्या बाजूला धर्मोपदेशक. तिथला धर्म ख्रिस्ती, म्हणून सगळे मुद्दे ख्रिस्ती धर्माचे. त्यामुळे झालं असं की येशूच्या रिकाम्या कबरीच्या कथेत कुठं कुठं फट आहे हे मला तोंडपाठ होतं, आणि माझ्या स्वतःच्या घरात भाद्रपदात तीन दिवस जे चालतं त्यावर मी कधी एक वाक्यही धडपणे बोलले नव्हते.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सासरचं घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात, आणि महालक्ष्म्याही तेव्हापासूनच्या असं सासूबाई सांगतात. जुनं घर विकून आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो, तर मुखवटे सगळ्यात आधी आले, फ्रिज नंतर. मी पैठणी नेसून त्यांना उभं करते, सोळा भाज्या करते, ज्वारीची आंबील करते, आरतीला टाळी वाजवते. दरवर्षी दुसऱ्या दिवशी कॉलेजची मंडळी प्रसादाला येतात. ग्रंथपालही येत. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवत, मुखवट्यांसमोर क्षणभर शांत उभे राहत, हात जोडत नसत, पण मानही फिरवत नसत. पानावर बसून आंबील दोनदा मागून घेत. सासूबाईंना ते फार आवडत. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी या विषयावर मला कधीही डिवचलं नाही. मला ते तेव्हा विशेष वाटलं नाही. त्यांना सुचलं नसेल असं मी धरून चालले.

मे महिनाभर मी ते हस्तलिखित वाचलं. दुपारी पडदे ओढून, लाल पेन घेऊन. आणि खरं सांगायचं तर इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. अठ्ठावन्न ठिकाणी मी समासात लिहिलं. कबरीशी किती बाया गेल्या, एक की दोन की तीन की आणखी, बायबलातल्या चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चार चरित्रांत, चार हिशेब. पाचशे जणांनी मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला पाहिलं, पण त्यांतल्या एकाचंही स्वतःचं म्हणणं आपल्याकडे नाही. पाचशे साक्षीदार नाहीत, पाचशे होते असं सांगणारा एकच आहे. 'देव नसेल तर नीती कुठून येणार' या प्रकरणाला तर मी पानभर उत्तर लिहिलं. काही ठिकाणी मी उद्गारचिन्हं टाकली. एका ठिकाणी लिहिलं, 'हे उत्तर आहे की सुटका?' ते लिहून मी स्वतःशीच हसल्याचं मला आठवतं.

शेवटून दुसरं प्रकरण दुःखाबद्दल होतं. त्यात एक परिच्छेद असा होता. 'माझ्या आईची दृष्टी गेली त्या वर्षी मी रोज प्रार्थना केली. दृष्टी परत आली नाही. पण एके दिवशी आईनं रडणं थांबवलं आणि विचारलं, आज भाजी काय आणलीस. मी ते प्रार्थनेचं उत्तर मानतो.'

ही आई काटोलला त्यांच्या भावाकडे राहते, हे मला माहीत होतं. दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर ते काटोलची बस पकडत. मी समासात लिहिलं, 'मग कोणता निकाल प्रार्थना फसल्याचा पुरावा ठरेल?' प्रश्न बरोबर होता. आजही मला तो बरोबर वाटतो.

आमच्या भागात वाचनाचा एक गट आहे. एका निवृत्त अभियंत्यांच्या हॉलमध्ये दर महिन्याला एका रविवारी सकाळी पंचवीस-तीस जण जमतात, कोणीतरी एखाद्या विषयावर बोलतं, मग चहा-पोहे. सगळे स्वतःला विवेकवादी म्हणवतात. जूनमध्ये बोलणारे आयत्या वेळी गावाला गेले, म्हणून अभियंत्यांचा मला फोन आला. मी म्हटलं, ख्रिस्ती धर्माच्या बचावाचे युक्तिवाद आणि त्यांचं खंडन, यावर माझी तयारी आहे.

"वा, मस्त," ते म्हणाले. "आणि सेफ विषय आहे, मॅडम. मागं एक जण आपल्याकडच्या उपासतापासांवर बोलला तं दोन जण उठून गेले. याच्यावर कोणी उठून जात नाही."

मी हसले. 'सेफ' हा शब्द मला तेव्हाच टोचायला हवा होता. टोचला नाही. उलट मी कॉलेजच्या ग्रुपवर व्याख्यानाचा निरोपही टाकला.

हस्तलिखितातले उतारे वाचून दाखवायचे असं मी ठरवलं. नाव सांगायचं नाही, 'एका स्थानिक लेखकाचं अप्रकाशित पुस्तक' एवढंच म्हणायचं. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कदाचित हो म्हटलं असतं, पण मग 'नाही' ऐकायचीही तयारी मला ठेवावी लागली असती.

रविवारी हॉल भरला होता. मी बोलायला लागले आणि पाचेक मिनिटांत मला जाणवलं की आज जमतंय. वर्गात पोरं अशी ऐकत नाहीत. मी एक उतारा वाचायची, क्षणभर थांबायची, मग त्यातली फट दाखवायची, आणि लोक हसायचे. साक्षीदारांच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. तेवढ्यात दार ढकलून ग्रंथपाल आत आले. उशीर झाल्याबद्दल हातानंच माफी मागून ते तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. मांडीवर कापडी पिशवी; काटोलच्या बसमधून थेट आले असावेत.

मी त्यांना पाहिलं. हे मला कुठेही झाकायचं नाही. मी त्यांना पाहिलं, आणि माझ्यासमोर पुढचा कागद होता तो आईच्या दृष्टीचा. मला तो वगळता आला असता. घड्याळाकडे बघून 'वेळ कमी आहे' म्हटलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण हॉल हसत होता, माझा आवाज लागला होता, आणि त्या परिच्छेदावर मी एक वाक्य घरून तयार करून आणलं होतं.

मी तो वाचला. 'आज भाजी काय आणलीस' यावर दोघे-तिघे आधीच हसले. मग मी म्हणाले, "म्हणजे दृष्टी आली असती तरी उत्तर मिळालं, नाही आली तरी मिळालं. माझ्या लॅबमध्ये एखाद्या पोरानं असा प्रयोग केला, तर मी त्याला शून्य देते. हे मात्र पैकीच्या पैकी घेऊन बसलेत."

मोठा हशा झाला. अभियंत्यांनी तर मांडीवर थाप मारली. तिसऱ्या रांगेकडे मी बघितलं नाही.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली आणि ग्रंथपालांनी हात वर केला. मला एकदम कळलं की हा माणूस मला एका वाक्यात संपवू शकतो. 'मॅडम, भाद्रपदात तुमच्याकडे काय असतं?' एवढंच विचारायचं होतं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की बारा वर्षं हे वाक्य त्यांच्याजवळ होतं.

ते उभे राहिले. "एक दुरुस्ती सुचवतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज ग्रंथालयात असे तितकाच हळू होता, म्हणून लोक गप्प झाले. "कबरीशी किती स्त्रिया होत्या हा फरक मॅडमनी सांगितला. तो फार मोठा नाही. एकानं सगळ्यांची नावं दिली, दुसऱ्यानं दिली नाहीत, असं म्हणता येतं. त्याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. पहिल्या दोन शुभवर्तमानांत शिष्यांना निरोप आहे की गालील प्रांतात जा, तिथं प्रभू भेटेल. तिसऱ्यात त्यांना सांगितलंय की यरुशलेम शहर सोडू नका. दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं? पुष्कळांनी जमवून दाखवलंय. मला ते पटत नाही. मॅडमनी हा मुद्दा घेतला असता तर त्यांचं म्हणणं अधिक भक्कम झालं असतं."

"मग याचं उत्तर काय?" कोणीतरी विचारलं.

"माझ्याजवळ नाही," ते म्हणाले. "ज्यांचं पुस्तक मॅडमनी वाचलं, त्यांच्याजवळही नसावं."

आणि ते बसले.

चहाच्या वेळी अभियंते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "धुऊनच काढलं तुम्ही त्याले!" मी हातात पोह्यांची बशी घेऊन उभी होते. ग्रंथपाल दाराशी चपला घालत होते. मी तिथवर गेले.

"चांगलं बोलता तुम्ही," ते म्हणाले. "मुलं नशीबवान आहेत." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी डबा घेऊन ग्रंथालयात गेले. ते रजिस्टर उघडून बसले होते. म्हणाले, "आज जरा स्टॉक तपासतोय, मॅडम. तुम्ही बसा ना." मी एकटी बसून खाल्लं. मंगळवारीही स्टॉक होता. बुधवारपासून मी स्टाफरूममध्ये डबा खाऊ लागले, आणि तिथं कोणी विचारलं तर ग्रंथालयात फार उकडतं म्हणून सांगू लागले. हस्तलिखित माझ्या कपाटातच राहिलं. ते देताना काहीतरी बोलावं लागणार होतं, म्हणून मी ते दिलं नाही. ऑगस्टअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझंही भाषण झालं. मी त्यांच्या सुवाच्य अक्षराबद्दल बोलले.

त्या वर्षी ते महालक्ष्म्यांच्या जेवणाला आले नाहीत. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "ते लायब्ररीवाले सर काहून नाही आले वं?" मी म्हटलं, काटोलला गेलेत राहायला. ते खरंही होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकदाची काटोलच्या बसमध्ये बसले. गठ्ठा पिशवीत होता. मोबाइलवर त्यांनी पत्ता पाठवला होता, 'या' या एका शब्दासह. घर साधं, कौलारू, पुढं ओसरी. ओसरीवर खाटेवर त्यांची आई बसली होती, फार लहान झालेली, पांढऱ्या पातळातली. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोण आलं गा?"

"आमच्या कॉलेजच्या मॅडम आहेत, आई. फिजिक्सच्या."

"त्या काय!" तिनं दोन्ही हात पुढं केले. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला. "हा तुमच्या लय गोष्टी सांगते. म्हणते, मॅडम अशा विचारतात का मले रातभर झोप नाही येत. बसा, बाई." मग तिनं विचारलं, "तुम्ही वाचलं म्हणे ह्याचं पुस्तक. बरं झालं का ते? मले तं वाचता येत नाही."

ग्रंथपाल दारात पाण्याचा पेला घेऊन उभे होते.

"छान झालंय," मी म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं. जो शब्द नको म्हणून त्यांनी ते माझ्याकडे आणलं होतं, तोच मी त्यांच्या आईच्या हातावर ठेवला होता.

नंतर आम्ही मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो. मी गठ्ठा दिला. त्यांनी पानं चाळली, समासातलं लाल अक्षर वाचलं, एकदोनदा मान हलवली. "हे बरोबर आहे. हे पण. पाचशे साक्षीदारांचं प्रकरण मी काढूनच टाकतो." मग आईचं पान आलं. तिथं ते थांबले नाहीत, पुढं गेले.

मी म्हणाले, "सर, मी ते वाचायला नको होतं. तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही समोर असताना."

"मुद्दा बरोबर होता."

"मुद्द्याचं नाही म्हणत मी."

त्यांनी पानं नीट जुळवून गठ्ठा मांडीवर ठेवला. शेजारच्या घरात कोणीतरी कपडे आपटत होतं.

"मॅडम, एक सांगू? तुमच्याकडे मी पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हाच मला दिसलं होतं. तुम्ही आरतीत उभ्या असता, पण तुमचा चेहरा कुठं दुसरीकडेच असतो. मला त्यात ढोंग वाटलं नाही. मी समजलो, सासूबाईंचं मन दुखवायचं नाही म्हणून करतात. मला ते चांगलं वाटलं. मी माझ्या बायकोलाही सांगितलं, बघ, देव न मानणारा माणूस किती जपतो." त्यांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "त्या रविवारी मला एवढंच वाटलं की... आम्ही ख्रिस्ती माणसं मोजकीच आहोत इथं. आमचं जपायची गरज कोणाला वाटत नाही."

एवढं बोलून तेच ओशाळले. "चहा आणतो," म्हणून आत गेले.

मी रडले नाही. रडले असते तर त्यांना माझीच समजूत काढावी लागली असती. पण तोंड भाजल्यासारखं झालं होतं. त्यांनीही माझ्याबद्दल थोडी चूकच केली होती. मी सासूबाईंना जपत नव्हते. मी त्यांना घाबरत होते, नवऱ्याला, नणंदांना, बिल्डिंगमधल्या बायकांना घाबरत होते. आणि जिथं घाबरायचं कारण नव्हतं तिथं मी सत्याची बाजू घेतली होती, माईक हातात घेऊन. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. चहा आला, बसची वेळ झाली, आणि मी त्यांच्या नजरेतली ती जपणारी बाई तशीच राहू दिली.

पुढच्या भाद्रपदात मी सासूबाईंना म्हटलं की मी स्वयंपाक सगळा करीन, पण आरतीला उभी राहणार नाही, मला ते पटत नाही. पुरण वाटताना म्हटलं, घाईघाईनं, जणू मीठ संपलंय असं सांगावं तसं. त्या जराही दचकल्या नाहीत.

"मले माहीत नाही का वं?" त्या म्हणाल्या. "इतके वर्ष झाले, तुझे ओठ हालतात, आवाज नाही निघत. नको म्हणू आरती. पण लोक येतीन तं उभी तं राह्य."

म्हणजे ज्यांना मी वीस वर्षं फसवते आहे असं समजत होते, त्या कधी फसल्याच नव्हत्या. मी उभी राहिले. पैठणी नेसून.

वाचनगटात आता मी जात नाही. मत बदललं म्हणून नाही. रिकाम्या कबरीबद्दल, प्रार्थनेबद्दल मला जे वाटत होतं तेच वाटतं. अभियंत्यांचा फोन येतो तेव्हा मी पेपर तपासायचे आहेत म्हणते.

त्यांचं पुस्तक निघालं, पातळसं, चर्चच्या मंडळींपुरतं. मला पोस्टानं एक प्रत आली. गालीलाच्या अडचणीवर एक पूर्ण पान आहे, आणि शेवटी सरळ लिहिलंय की याचं उत्तर लेखकाला सापडलं नाही. आईचा परिच्छेद त्यात नाही. तो माझ्यामुळं गेला की आधीच जायचा होता, हे मी विचारलेलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी आमचा फोन होतो. ते पेन्शनच्या कागदांचं सांगतात, मी नव्या ग्रंथपालबाईंचं सांगते. परवा एक वादविवाद ऐकताना, चांगल्या-वाईटाच्या प्रश्नावर धर्माच्या बाजूनं एक असा मुद्दा आला की मला पोळी तव्यावर ठेवून थांबावं लागलं. त्याचं खंडन मला सुचेना. हे ज्याला सांगावं असा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला होता. मी फोन लावला. त्यांनी उचलला. मी आईच्या तब्येतीची चौकशी केली, गुडघे कसे आहेत विचारलं, आणि ठेवला.